मॅनेजरबाईंनी उभं कुठं राहायचं?

आमच्या टीमच्या सामानाची एक निळी पिशवी आहे. ती माझ्या घरी, जिन्याखाली असते. दर मॅचनंतर मी ती रिकामी करते आणि दर वेळी तिच्यात कुणाचा तरी एकच मोजा सापडतो. दोन कधीच नाहीत. असे चौदा मोजे जमलेत आणि प्रत्येक मोजा कुठल्या मॅचचा, तिथे काय फजिती झाली होती, हे मला लख्ख आठवतं. गोल किती केले ते मात्र विचारू नका. आमच्याकडे गोल जमत नाहीत, मोजे आणि किस्से जमतात!

परवा टीव्हीवर कुठल्याशा परदेशी टीमची मॅच चालू होती. त्यांच्या मॅनेजरवर म्हणे बंदी होती, म्हणून तो वर प्रेक्षकांत बसला होता. झालं, नवरा आणि दीर तावातावाने भांडायला लागले.

दीर म्हणाले, "वर बसलं की सगळं ग्राउंड दिसतं. मॅनेजरने वरच बसावं."

नवरा म्हणाला, "छे! मॅनेजर लाईनवर दिसला नाही तर टीमने बघायचं कुणाकडे?"

अर्धा तास हेच. मी पोळ्या लाटत होते. या घरात फुटबॉलचा मॅनेजर एकच आहे आणि तो ओट्याशी उभा आहे, हे दोघांपैकी एकालाही आठवलं नाही!

*

मी मॅनेजर कशी झाले? हात वर केला म्हणून.

मिरजेतल्या आमच्या छोट्याशा क्लबात तेरा वर्षांखालच्या मुलींची टीम निघाली, तेव्हा पालकांची मीटिंग झाली. माझी जुई दहा वर्षांची, गोलकीपर. स्पर्धेचा नियम असा, की मुलींच्या टीमबरोबर एक महिला मॅनेजर हवीच. नुसती कागदावर नाही, मॅच चालू असताना लाईनपाशी, बेंचवर हजर हवी. नसेल तर टीम बाद.

"मग? कोन तयार हाय?" कोचनी विचारलं.

सगळ्या आयांना एकदम आपापल्या मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं. मला विचारायचं होतं, की सराव दुपारच्या उन्हात आहे तर मुलींना टोपी चालेल का? म्हणून मी हात वर केला.

टाळ्या वाजल्या!

मी कॉलेजात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवते. म्हणजे अभ्यास करण्याची सवय आहे. ऑफसाइडचा नियम मी आकृतीसह पाठ केला. आजही कुणी विचारलं तर नावं देऊन सुबक आकृती काढून दाखवीन. ग्राउंडवर मात्र तो अजून एकदाही दिसलेला नाही.

टोपीचं विचारायचं राहिलंच.

*

आमचे कोच म्हणजे सुभेदार. फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे आटपाडीकडचे. फौजेत असताना युनिटच्या टीममध्ये खेळलेले. मुलींना ते नावाने हाक मारत नाहीत. "सात नंबर जवान, सो रहा है क्या रं?" सात नंबर जवान म्हणजे पाचवीतली दोन वेण्यांची पोर!

सुभेदार लाईनवर उभे राहत नसत, पळत. बॉल जिकडे, तिकडे सुभेदार. हाफटाईमपर्यंत आमच्या बाजूची फक्कीची पांढरी रेघ ग्राउंडवर कमी आणि त्यांच्या बुटांवर जास्त असे. एकदा झेंडेवाल्या लाईनमनला त्यांनी मागून धडक दिली आणि वर त्यालाच सुनावलं, "मधी कशाला येतासा?"

गेल्या वर्षी एका मॅचनंतर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मिरजेत असल्याचा एक फायदा असतो. ग्राउंडपासून कुठल्याही दिशेला पळत सुटलं तरी हॉस्पिटलच लागतं. स्टेंट पडली. आठवड्याने काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, त्यांना तपासणीला घेऊन गेल्या. बरोबर मीही होते, कारण निळ्या पिशवीत त्यांची फाईल राहिली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "चालणं किती होतं?"

"नव्वद मिंटं."

"अरे वा! रोज?"

"न्हाई. मॅच असंल तवा."

"आणि चालताना छातीत दुखतं?"

"चालताना न्हाई वो," सुभेदार म्हणाले. "गोल खाल्ला की दुखतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. लाईनवर पाय ठेवायचा नाही. बघायचीच असेल तर वर, पायऱ्यांवर, सावलीत बसून. बरोबर माणूस पाहिजे.

तेव्हापासून सुभेदार वर आणि खाली लाईनवर मी एकटी.

*

आता खरं दुखणं सांगते, नाहीतर पुढचं सगळं नुसतंच हसण्यावारी जाईल.

सुभेदार लाईनवर होते तोवर मी बेंचच्या टोकाला पाण्याच्या बाटल्यांमागे बसायचे, कुणाला दिसायचे नाही. ते वर गेले आणि मुलींना लाईनवर मी दिसायला लागले. सगळ्यात जास्त दिसले जुईला. बॉल अडवला की ती माझ्याकडे बघायची. सुटला की माझ्याकडे बघायची. विट्याच्या टीमविरुद्ध पहिला गोल गेला तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, आणि ती माझ्याकडे बघत असतानाच दुसरा गेला!

घरी आल्यावर ती ग्लोव्हज धूत होती. हे ग्लोव्हज ती उशाशी घेऊन झोपते, बाहुलीला कधी घेतलं नाही इतक्या जवळ. पाठमोरीच म्हणाली, "आई, मी टीम सोडू का?"

"का गं? कंटाळा आला?"

"नाही. गोल गेला की तू अशी दिसतेस, की मी घरातलं काहीतरी फोडलंय."

मी पटकन म्हणाले, "मग मी वर बसते ना."

"तू वर बसलीस तर टीमच बाद," ती म्हणाली. नियम तिलाही पाठ.

म्हणजे मी लाईनवर नसले तर बारा मुलींचा खेळ बंद, आणि असले तर माझ्या मुलीचा. काकूंना वर सुभेदारांपाशी बसणं भाग, म्हणून दुसरी कुणी आई तयार होईल का, असं ग्रुपवर विचारलं. नऊ जणींनी हात जोडलेले पाठवले. एकीने "तुम्ही छानच करताय!" असं लिहिलं आणि फूल पाठवलं.

*

सुभेदारांचं म्हणणं, वरनं सगळं दिसतं. फौजेत उंचावरच्या चौकीचा उपयोग काय, तर दिसतं ते खाली कळवायचं. ठरलं, की ते वरून सांगणार, मी खाली करणार. पण मॅच चालू असताना त्यांनी फोनवर बोलायचं नाही, असं काकूंनी बजावलं होतं. आवाज चढतो, मग बीपी चढतं. म्हणून ते काकूंना सांगणार, काकू फोनवर मला सांगणार.

पहिल्याच मॅचला मी कानाला फोन लावून उभी. मागे वळून बघितलं तर सुभेदार उभे राहून दोन्ही हात हवेत फिरवत होते. तोंड लालबुंद. काय काय बोलत होते देव जाणे. मी जीव कानात आणून वाट बघत होते.

काकू म्हणाल्या, "ते म्हनत्यात, पोरी लय चांगल्या खेळत्यात."

"अजून काही?"

"डावीकडची दमल्यावानी दिसतीया. तिला पानी द्या."

मी डावीकडच्या पोरीला लाईनपाशी बोलावलं, पाणी दिलं. ती घटाघटा पीत होती आणि समोरच्या टीमची पोरगी तिच्या मोकळ्या जागेतून सरळ जाऊन गोल मारून आली.

मॅच संपल्यावर सुभेदार काठी टेकत खाली आले. "मॅडम, डावीकडचीला मागं वढा म्हनून धा येळा बोंबललो मी!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमी जसं बोलला तसं मॅडमला सांगायचं व्हय? आय हाय ती कुनाची तरी."

*

फोन बंद झाला आणि नॅपकिन आले. काकूंच्या मदतीशिवाय चालेल अशी पद्धत सुभेदारांनी काढली. माझ्याकडे तीन नॅपकिन. हिरवा फडकवला की सगळ्यांनी पुढे. पिवळा म्हणजे जागेवर थांबा. लाल म्हणजे सगळं सोडून मागे, गोलपाशी. सुभेदार वरून बोटं दाखवणार, एक-दोन-तीन, की मी त्या रंगाचा फडकवायचा. मुलींकडून पंधरा दिवस कवायत करून घेतली. लाल दिसला की विचार करायचा नाही, पळायचं. फौज!

इस्लामपूरला मॅच होती. आमची सात नंबरची बॉल घेऊन एकटी पुढे गेली होती, समोर फक्त त्यांची गोलकीपर. आमच्या इतिहासातला पहिला गोल, पायाच्या अंगठ्याएवढ्या अंतरावर! आणि त्याच वेळी ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला जुई उगाचच, पाय घसरून पडली. उठली, गुडघा बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

माझे डोळे भरून आले. हातात होतं त्याने पुसले.

सात नंबरने बॉल तिथेच सोडला आणि मागे फिरली! तिच्याबरोबर सगळ्या. पूर्ण टीम धापा टाकत आमच्या गोलसमोर येऊन जुईभोवती उभी राहिली. समोरच्या टीमला कळेना, आपण काही चुकीचं केलं का. त्यांची गोलकीपर बॉलजवळ आली, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि रेफ्रीला विचारलं, "हा घेऊ का?"

सुभेदार डॉक्टरांचं सगळं विसरून पायऱ्या उतरून आले. मला वाटलं, आता हे बोलणार. त्यांनी खिशातून आपला रुमाल काढून माझ्या हातात दिला.

"मॅडम, रडायला येगळा न्यापकीन ठेवा."

*

"पोरगी बॉल न्हाई बघत, तुमचं त्वांड बघतीया," सुभेदार एकदा म्हणाले. "तवा त्वांड नीट ठेवा."

मी आरशासमोर सराव सुरू केला. गोल गेल्यावरचा चेहरा. शांत, प्रेमळ, काही झालंच नाही असा. दात घासायला आलेला नवरा मागे उभा राहून बघत होता.

"पोट दुखतंय का? ओवा देऊ?"

पुढच्या मॅचला मी मास्क लावला, गॉगल घातला, टोपी डोळ्यांपर्यंत ओढली. आता बघ म्हटलं, काय दिसतंय. हाफटाईमला जुई रडकुंडीला आलेली. "आई, ते काढ ना! आत तू किती रागावली असशील तेच कळत नाही!"

नवऱ्याला म्हटलं, निदान तू वर बसून तिला धीर दे. त्याने दिला. पूर्ण ग्राउंडला ऐकू जाईल असा ओरडला, "जुई, अजिबात घाबरू नकोस!" समोरच्या टीमला तोवर माहीत नव्हतं, की आमची गोलकीपर घाबरलेली आहे. मग त्यांनी लांबूनच बॉल मारायला सुरुवात केली.

*

मग मी ग्राउंडकडे पाठ करून उभी राहिले. नियमात बेंचपाशी हजर राहा असं आहे, तोंड कुठे करा असं कुठे आहे? मॅच माझ्या मागे चालू आणि माझ्या समोर सायकल स्टँड.

दहा मिनिटांनी समोरच्या टीमच्या मॅनेजरबाई हळूच जवळ आल्या. माझ्याच वयाच्या, गळ्यात ओळखपत्र, हातात ग्लुकोजचा डबा.

"काही त्रास होतोय का तुम्हाला?"

मी खरं ते सांगून टाकलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं. त्यांनी डबा काखेत धरला. मग म्हणाल्या, "माझी मुलगी नऊ नंबर. तिचा गोल चुकला की मला घाम फुटतो. मी गेले वर्षभर बघते असं दाखवते आणि डोळे मिटून उभी असते."

त्याही वळल्या. आम्ही दोघी सायकल स्टँडकडे तोंड करून उभ्या. मुलींचे पाढे, डब्यात काय देता, सासूबाई काय म्हणतात, मी मुलीला उगाच यात घातलं का, तुम्ही काय करता, मी काय करते. खूप दिवसांनी इतकं मोकळं बोलले. शिट्टी वाजली.

"संपली वाटतं," त्या म्हणाल्या.

"किती झाले?"

त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही! सहीचा कागद घेऊन पंच आले, तेव्हा आम्ही दोघींनी वरचा आकडा वाचला आणि दोघींचाही चेहरा पडला, माझा जुईसाठी आणि त्यांचा माझ्यासाठी. म्हणजे कोण जिंकलं हे पंचांना आमच्या तोंडावरून काही कळलं नसतं.

त्या दिवशी जुई गाडीत एक शब्द बोलली नाही. मिरज आल्यावर म्हणाली, "तू बघितलंच नाहीस. इतकी वाईट खेळले मी?" मग खिडकीकडे तोंड करून, "साताऱ्याची मॅच झाली की मी सोडते."

*

साताऱ्याला आम्ही क्रूझर गाडी करून गेलो. बारा मुली, सुभेदार, काकू, मी आणि निळी पिशवी. कऱ्हाडपर्यंत मुली गाणी म्हणत होत्या. जुई ग्लोव्हज घालून बसली होती. दोन तास आधीच.

मॅच सुरू झाली. मी ठरवलं होतं, काहीही करायचं नाही. तोंड पाडायचं नाही, पाठ फिरवायची नाही, रडायचं नाही. फक्त उभं राहायचं. पंधरा मिनिटं जमलं.

मग मला जुईची लेस सुटलेली दिसली.

उजव्या बुटाची. लांबलचक, मातीत लोळत असलेली. ग्लोव्हजमध्ये तिला बांधता येत नाही, घरून निघताना मीच बांधते, दोन गाठी मारून. या वेळी एकच मारली होती का? बॉल पार तिकडे, त्यांच्या गोलपाशी होता. मी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि पळत आत गेले. जुईच्या पायाशी बसले.

"आई! आई, काय करतेस?"

"हलू नकोस. झालंच."

पहिली गाठ मारली. दुसरी मारत असताना मागून आरडाओरडा ऐकू आला आणि माझ्या पाठीत धाडकन काहीतरी बसलं. बॉल! त्यांच्या मुलीने मारलेला, सरळ गोलमध्ये जाणारा बॉल माझ्या पाठीवर आपटून बाहेर गेला होता.

मग पायऱ्यांवरून फक्त सुभेदारांचा आवाज आला, "शाब्बास!"

रेफ्री मॅडमनी खिशातून लाल कार्ड काढलं. विशी-बाविशीची मुलगी, तिलाही कसंतरी वाटत होतं. "मॅडम, सॉरी. तुम्हाला ग्राउंडच्या बाहेर जावं लागेल. गेटच्या बाहेर." बेंचवर बाई हवी म्हणून काकूंना खाली बोलावलं. मी जुईकडे न बघता चालत निघाले. दुसरी गाठ बसली होती की नाही, तेही आठवेना.

गेटबाहेर कंपाउंडच्या भिंतीला लागून उसाच्या रसाचं एक खोपटं होतं. मी पाच फूट, भिंत सहा. आतून नुसते आवाज येत होते. रसवाल्या मावशी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बाकड्यावर उभ्या राहून भिंतीवरून मॅच बघत होत्या.

"काय चाललंय हो आत?" मी विचारलं.

"पोरी बॉल खेळत्यात. एक पोरगी सारखी हातानं धरतीया, तिला कोनच काय बोलंना!"

"तिला चालतं. ती गोलकीपर आहे."

"व्हय? मग बेस धरतीया." त्यांनी मान वळवली. "तुमची हाय का?"

"हो."

"मग या की वर. दोघी मावतो."

"नको. तुम्हीच सांगा."

त्यांनी वर उभ्यानेच, काढून ठेवलेल्या जगमधला रस मला दिला. मी ग्लास धरून भिंतीकडे तोंड करून उभी. भिंतीवर कुणीतरी निवडणुकीचं चिन्ह रंगवलेलं होतं.

"पडली," मावशी म्हणाल्या.

"लागलं का?"

"उठली. कापडं झाडतीया." मावशींनी टाचा उंचावल्या. "ती पल्याडची उंच पोरगी आली बगा बॉल घिऊन. आली... आली... आगं आयव!"

आत एकदम गलका झाला. कुणाचा, आनंदाचा की कसला, काही कळेना.

"काय झालं? मावशी, काय झालं?"

"ग्येला. तिच्या मागं जाळीत ग्येला."

हातातला ग्लास मी कुठे ठेवला, आठवत नाही. एक पाय बाकड्यावर ठेवला, एक हात भिंतीवर. वर चढायला एक झटका पुरला असता.

"आता माझी मुलगी काय करतेय? कुणाकडे बघतेय?"

मावशींनी डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं.

"बॉलकडं," त्या म्हणाल्या. "दुसरं कुनाकडं बघंल?"

मी बाकड्यावरचा पाय खाली घेतला.

"मावशी, अजून एक रस द्या."